कविता आणि फोटो एका फ्रेममध्ये: घरच्या भिंतीसाठी करून बघितलेलं सगळं

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी दीड वर्ष एक फ्रेम होती आणि ती मी स्वतः केलेली म्हणून कुणी घरी आलं की मी मुद्दाम तिथेच उभी राहून बोलायचे. बहिणाबाईंच्या 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' या ओळी आणि मागे तव्याचा फोटो. काळाभोर लोखंडी तवा, खाली जाळ, मामाकडे जळगावला मीच काढलेला, फोटो म्हणून एक नंबर. एक दिवस सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "अगं पण तवा तर आत ओट्यावर आहेच की." झालं. त्या दिवसानंतर ती फ्रेम मला दिसेनाशीच झाली, म्हणजे भिंतीवर होती पण नजर तिथे थांबेना.

मग लक्षात आलं की चूक फोटोची नव्हती, चूक जोडीची होती. कवितेत तवा आहेच, वाचणाऱ्याला तो दिसलाच आहे, मी तो परत दाखवून काय मिळवलं? शाळेत 'घ घराचा' लिहून शेजारी घर काढायचो तसं झालं ते. आता तिथे त्याच ओळी आहेत पण फोटो आहे आमच्या दाराबाहेरच्या चपलांचा. पाच जोड, त्यातली एक उलटी पडलेली, एक लेकाची चिखलाने भरलेली. तवा नाही, चूल नाही, चटका नाही. पण लोक थांबतात, ओळी वाचतात, परत चपलांकडे बघतात आणि हसतात. हे एवढं जमलं की बाकीचं सगळं म्हणजे फॉन्ट, कागद, फ्रेमवाला, खिळा, आणि तेही खाली सांगतेच.

आधी कविता, मग फोटो

बरेच जण आधी छान फोटो निवडतात आणि मग त्याच्यावर बसेल अशी कविता शोधतात. तसं करू नका असं मी म्हणणार नाही पण त्यात कविता नेहमी कॅप्शन होऊन बसते. आधी ओळी निवडा. रोज दात घासताना, चहा घेताना डोळ्यांसमोर येणार आहेत, म्हणजे पहिल्यांदा वाचून अंगावर काटा आणणाऱ्या ओळी चालतीलच असं नाही, महिनाभराने त्या ओरडल्यासारख्या वाटायला लागतात. माझी सोपी चाचणी अशी की ओळी साध्या कागदावर पेनाने लिहून फ्रिजवर पंधरा दिवस लावायच्या. पंधरा दिवसांनी कंटाळा आला तर पैसे वाचले.

मग त्या ओळींमधल्या वस्तू एका कागदावर लिहून काढायच्या. झाड, पक्षी, नदी, तवा, पाऊस, जे असेल ते. आणि त्या सगळ्यांवर काट मारायची. यातलं काहीही फोटोत नको. मग विचार करायचा की हे बोलतंय कोण, कुठे बसून बोलतंय, या ओळींच्या जरा आधी काय झालं असेल, जरा नंतर काय होईल. फोटो तिथला शोधायचा.

उदाहरण देते. 'पैल तो गे काऊ कोकताहे' ही ज्ञानेश्वरांची विराणी. सगळे कावळा लावतात. पण कावळा तर ओरडतोच आहे, त्याचं काम तो करतोय, आपल्याला बघायचीय ती ऐकणारी, वाट बघणारी बाई. मी माझ्या मावशीसाठी केली तेव्हा तिच्याच घराच्या खिडकीचा फोटो लावला, जुन्या पद्धतीचे लोखंडी गज, बाहेर नुसतं पांढरं ऊन, आणि कठड्यावर अर्धा प्यायलेला चहाचा कप. तिचा मुलगा कॅनडात असतो. ती काही बोलली नाही, पण ती फ्रेम तिने देवघराशेजारी लावलीय.

तुकोबांचा 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' म्हणजे तर वृक्षारोपणाच्या प्रत्येक बोर्डावर, प्रत्येक नर्सरीत, प्रत्येक शाळेच्या कंपाउंडवर, इतका की आता तो वाचलाच जात नाही. पण त्याच अभंगाची पुढची ओळ बघा, 'येणें सुखें रुचे एकांताचा वास'. ती घ्या! आणि त्याच्याबरोबर जंगल नको, धुक्यातलं सह्याद्री नको. आमच्याकडे ऑइलपेंटच्या रिकाम्या डब्यात लावलेली तुळस आहे बाल्कनीत, मागे समोरच्या बिल्डिंगचे एसी आणि वाळत घातलेले टॉवेल. तोच फोटो. वन बीएचकेमध्ये चार माणसं राहतात तिथे एकांत म्हणजे तेवढाच असतो.

आता एक अवघड केस. बालकवींची 'औदुंबर'. आठ ओळींची कविता, आणि ती स्वतःच एक पेंटिंग आहे. निळासांवळा झरा, हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, काळा डोह, रंग सुद्धा सगळे सांगून ठेवलेत आणि कुठली गोष्ट कुठे आहे तेही, ऐल तट, पैल टेकडी. इथे लँडस्केपचा फोटो लावलात की तो हरणारच, कारण वाचणाऱ्याने आपापल्या गावचा झरा आधीच डोळ्यांसमोर आणलेला असतो. मी तीन वेळा प्रयत्न केला. पहिल्यांदा भंडारदऱ्याचा फोटो, पोस्टकार्ड झालं. दुसऱ्यांदा नुसतं उंबराचं झाड, म्हणजे परत 'घ घराचा'. शेवटी केलं काय, तर विहिरीच्या पाण्याचा एकदम जवळून घेतलेला फोटो, जवळजवळ पूर्ण काळा, वरच्या कोपऱ्यात फक्त आभाळाचा एक तुकडा चमकतोय. ओळखूही येत नाही चटकन काय आहे ते. आणि तो चालला, कारण कवितेच्या शेवटच्या दोन ओळी, म्हणजे तो 'गोड काळिमा', तेवढाच मूड फोटोने उचलला आणि बाकीचं कवितेवर सोडलं. जिथे कविता चित्रमय असते तिथे चित्राने गप्प बसावं, आणि जिथे कविता नुसती विचार सांगते, एकही वस्तू नाही, तिथे मात्र फोटो भरपूर ठोस पाहिजे. उलट सुलट केलं की फसतं.

हे काही माझं डोकं नाही हो. जपानमध्ये हायगा नावाचा प्रकार आहे, हायकू आणि चित्र एकाच कागदावर, योसा बुसोन तर (१७१६ ते १७८४) कवीही होता आणि चित्रकारही. त्यात चित्राने हायकूतलं तेच दाखवावं असं अजिबात नसतं, चंद्रावरच्या हायकूशेजारी चंद्र नसला तरी चालतो. आपल्याकडे शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, तीन ओळींची कविता भिंतीसाठी मापातच असते. आणि लांब कशाला जायचं, कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आहेच. एकेक चित्र समोर धरून कथा गायची. तिथे गाणारा माणूस चित्रात नसलेलं सगळं भरून काढतो, आपल्या भिंतीवर ते काम ओळींनी करायचं असतं.

अजून एक खजिना म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हाँ यांनी गावोगावी फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, त्या ऑनलाइन वाचायला आणि कितीतरी ऐकायलाही मिळतात. दोन ओळीत अख्खी गोष्ट. आणि आपल्याच आजीला, आत्याला एखादी येत असेल तर उत्तमच, विचारून तर बघा.

ओळी बरोबर आहेत का ते आधी बघा

हे मी मोठ्याने सांगते. फॉरवर्डमध्ये आलेली कविता थेट प्रिंटला द्यायची नाही. शब्द बदललेले असतात, कडवी गाळलेली असतात, आणि कवी तर सर्रास भलताच. छापील पुस्तकातून ताडून घ्या, गावातली वाचनालयं याच कामासाठी आहेत. जुन्या कवितेत ते जुने अनुस्वार असतात, 'आम्हां', 'सोयरीं', 'सांवळा', ते १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर आपण लिहिणं सोडलं. ठेवायचे तर सगळे ठेवा, काढायचे तर सगळे काढा. मी ठेवते. अर्धे इकडे अर्धे तिकडे केलं की मराठीचे एखादे निवृत्त सर घरी येतातच, आणि नेमके त्याच भिंतीसमोर बसतात.

कॉपीराइटचं थोडक्यात सांगते. भारतात कवी गेल्यानंतर, पुढचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतात. कविता कवीच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापली असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकात आली १९५२ ला, त्यामुळे २०१२ संपल्यावर त्या मोकळ्या. बालकवी १९१८ ला गेले, केशवसुत १९०५ ला, मर्ढेकर १९५६ ला, हे सगळे आता मोकळे. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, म्हणजे अजून बरीच वर्षं हक्क आहेत. स्वतःच्या घरात, स्वतःसाठी एक फ्रेम केलीत तर खाजगी वापराला कायद्यात जागा आहे, पण विकायच्या असतील किंवा कॅफेच्या भिंतीवर लावायच्या असतील तर परवानगी घ्या, सरळ प्रकाशकाला मेल टाका. फोटोचंही तेच, गूगलवर दिसला म्हणजे आपला झाला असं नाही. स्वतः काढा. जुनी चित्रं हवी असतील तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून हक्क संपलेल्या कलाकृतींचे फोटो मोफत खुले केलेत, त्यात आपल्याकडची रागमाला चित्रंही सापडतात.

(मधेच एक. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ लिहून घ्यायचे. त्यांच्या ओळी एखाद्या नक्षीदार फॉन्टमध्ये सोनेरी रंगात छापल्या की मला कसंतरीच होतं.)

अक्षरं

इथे खरी वाट लागते. माझी पहिली फाइल प्रिंटच्या दुकानात उघडली तेव्हा 'चुल्ह्यावर'चे तुकडे झाले होते, ल चा पाय मोडून हलंत बाहेर लटकत होता आणि 'मिळते'ची वेलांटी मागच्या शब्दाला चिकटलेली. तिथल्या मुलाला ते दिसलंच नाही आणि घाईत मीही बघितलं नाही, दोन प्रिंट वाया. कारण साधं आहे, आपण टाइप करतो युनिकोडमध्ये, आणि बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे जुने बिनयुनिकोड फॉन्ट असतात, किंवा सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसते. फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये जाऊन साउथ एशियन किंवा वर्ल्ड रेडी असं जे दिसेल ते चालू करावं लागतं. सोपा उपाय: दुकानात मजकूर नेऊच नका. घरीच सगळं तयार करून पीडीएफ किंवा पीएनजी न्या, म्हणजे अक्षरं चित्रासारखी गोठून जातात आणि कुणी काही मोडू शकत नाही. मी कॅनव्हात करते, पण इंकस्केप फुकट आहे आणि देवनागरी नीट दाखवतं.

फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. कवितेला मला 'तिरो देवनागरी मराठी' आवडतो, त्याचं नावच सांगतं की ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. हे ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांनी एकदा बघाच, हिंदी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा ल वेगळा असतो, आणि तुकोबांचा अभंग हिंदी ल मध्ये वाचताना कुठेतरी खटकतं आणि का खटकतंय ते कळत नाही.

बाकी दोन गोष्टी. एक, अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत छान दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन, ओळींमधलं अंतर मात्र भरपूर ठेवा, फॉन्टच्या दीडपट तरी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांमध्ये अडकतात. आणि कवितेची ओळ मधेच तोडून खाली आणायची नाही म्हणजे नाही. बसत नसेल तर फ्रेम आडवी करा, अक्षर लहान करा, कमी ओळी घ्या.

अक्षर किती मोठं हे स्क्रीनवर कधीच कळत नाही. एक ओळ खऱ्या साइजमध्ये ए फोरवर काढा, भिंतीला टेपने चिकटवा आणि सोफ्यावर जाऊन बसा. वाचता येतंय का? घरातल्या सगळ्यात जुन्या चष्म्याला विचारा.

आता ओळी फोटोवर लिहायच्या की बाहेर? माझं मत पक्कं आहे, बाहेर. फोटोवर पांढरी अक्षरं, त्यांना काळी सावली, की लगेच गुड मॉर्निंगच्या मेसेजचा वास येतो. फोटोखाली रुंद पांढरी पट्टी सोडून त्यात ओळी, किंवा सरळ दोन वेगळ्या फ्रेम शेजारी शेजारी, एकीत फोटो एकीत ओळी, मध्ये दोन बोटं जागा. दोन फ्रेमवाला प्रकार मला सगळ्यात आवडतो कारण नजर इकडून तिकडे जाते आणि जोडणी बघणाऱ्याच्या डोक्यात होते. फोटोवरच लिहायचं असेल तर जिथे काहीच नाही अशी जागा पाहिजे, रिकामं आभाळ, भिंत, पाणी.

आणि आजीच्या, वडिलांच्या हातची वही असेल तर फॉन्ट विसरा. ते पान ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे दुप्पट मोठं केलं तरी ३०० राहतो. खाडाखोड साफ करू नका, तीच तर मजा आहे.

प्रिंट आणि फ्रेम

ए फोरला ३०० डीपीआयवर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, ए थ्रीला ३५०८ बाय ४९६१. त्यापेक्षा जरा कमी असले तर लांबून कळत नाही, पण व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेली फाइल मोठी करू नका, ती दाबली गेलेली असते. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

कागद मॅट घ्या, ग्लॉसी नको, ट्यूबलाइट त्यात चमकते आणि ओळ अर्धीच दिसते. काचेचंही तेच, फ्रेमवाल्याकडे नॉन रिफ्लेक्टिव्ह काच मागा, नसेल तर साधी चालेल पण खिडकीच्या बरोबर समोर लावू नका. माउंट नक्की टाका. माउंट म्हणजे फोटोच्या भोवतीची ती जाड पुठ्ठ्याची चौकट, नुसती शोभेची नाही, तिच्यामुळे कागद काचेला चिकटत नाही. मुंबई ठाणे कोकणात पावसाळ्यात कागद काचेला एकदा चिकटला की सुटत नाही, सोडवायला गेलं तर शाई काचेवर राहते. सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या बोर्डवर, चिकटवून स्वस्तात होतं, पण माझे दोन सनबोर्ड वर्षभरात कडेने वाकले.

फ्रेमची पट्टी बारीक आणि साधी. प्रिंट स्वस्त पडतो, पैसे जातात ते फ्रेमला, त्यामुळे मागचं पाठ उघडता येणारं करून घ्या, खिळे ठोकून बंद केलेलं नको. म्हणजे कंटाळा आला की फक्त कागद बदलायचा.

अमेरिकेतल्या ताईला पाठवायची असेल तर माप आधी विचारा. तिकडे तयार फ्रेम ८ बाय १०, ११ बाय १४, १६ बाय २० इंचाच्या मिळतात, आपला ए फोर त्यात बसत नाही आणि मग ती कात्री लावते. मी माझ्या बहिणीला फाइलच ११ बाय १४ मध्ये करून पाठवली, प्रिंट तिने तिकडेच काढला.

भिंत

ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, बाहेरच्या बाजूची, बाथरूमला लागून असलेली, तिथे नाहीच लावायची. बाकीच्या भिंतींवर सुद्धा फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळते, बुरशी धरत नाही. दुपारचं थेट ऊन येतं तिथे रंगीत प्रिंट फिका पडतो, तिथे ब्लॅक अँड व्हाइट लावलेलं बरं.

उंचीचा गॅलरीवाल्यांचा ठोकताळा म्हणजे फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५७ इंच, साधारण १४५ सेंटिमीटर. आपण सगळे फार उंच लावतो, जुन्या घरांत देवांचे आणि पूर्वजांचे फोटो तसेच असायचे म्हणून असेल. देवाकडे मान वर करून बघितलं तर ठीक आहे, कविता वाचायची असते. सोफ्यासमोर असेल तर अजून खाली, बसलेल्याच्या डोळ्यासमोर.

नव्या काँक्रीटच्या भिंतीत खिळा जात नाही, वाकून उडतो, हॅमर ड्रिल, ६ नंबरचा बिट आणि रावळ प्लग (भोकात बसवायची प्लॅस्टिकची नळी) लागतो. भाड्याचं घर असेल तर चिकटवायचे हुक मिळतात, पण डिस्टेंपरच्या भिंतीवर ते रंगासकट खाली येतात, आमची एक फ्रेम रात्री अडीचला आली आणि सगळं घर चोर आला म्हणून उठलं. तिथे काच नको, अॅक्रिलिक घ्या, किंवा फ्रेम पुस्तकांच्या कपाटावर नुसती टेकवून ठेवा, तीही छान दिसते.

स्वयंपाकघरात, ओट्याच्या चार फुटांच्या आत, कागद लावूच नका. फोडणीची वाफ काचेच्या आत कुठून जाते देव जाणे. आमची चपलांची फ्रेम म्हणूनच दाराच्या बाहेरच्या बाजूला आहे, आणि परवा सासूबाई म्हणाल्या की त्यातली ती उलटी पडलेली चप्पल माझी आहे, एकदा सरळ करून परत फोटो काढ.